तारखा शाळेच्या, ठिकाण तुमचं

भुसावळच्या एका ताईंचं पत्र आलंय. चार पानी आहे, म्हणून मतलब तेवढा सांगते. घरात मिस्टर, सातवीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई. मिस्टर बँकेत, त्यामुळे मार्चमध्ये कुठं जायचं नावच नको. वर्षातून एक मोठी सहल होते, ती मे, दिवाळी किंवा नाताळात. गेल्या तिन्ही सहली फसल्या. दिवाळीत चेन्नई-महाबलीपुरम-रामेश्वरमला गेले, तर छत्री मिटायची उसंत मिळाली नाही. नाताळात दिल्ली-आग्रा केलं, तर ताजमहालाच्या आवारात उभं राहून ताजमहाल दिसला नाही आणि परतीची गाडी अकरा तास उशिरा सुटली. मे महिन्यात शिमला-मनालीला गेले, तर मनालीच्या अलीकडे गाडी चार तास एका जागी उभी. ताई लिहितात, ‘आमचंच नशीब फुटकं का? कुठल्या महिन्यात कुठं जायचं याची एक यादीच द्या, फ्रिजवर चिकटवून ठेवते.’ शिवाय मुलीला बर्फ बघायचाय, मिस्टरांना समुद्र हवाय, सासूबाईंना केदारनाथ करायचंय.

ताई, तुमचं नशीब ठणठणीत आहे. तिन्ही वेळा तुम्हाला जे भेटलं ते त्या दिवसांत तिथं बहुतेक दर वर्षी असतंच. तुमच्या आधीच्या वर्षी गेलेल्यांनाही भेटलं होतं, फक्त त्यांनी फेसबुकवर फोटो चांगले तेवढे टाकले.

चेन्नईचं घ्या. दसरा झाला की पाऊस संपला, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि महाराष्ट्रापुरतं ते बऱ्यापैकी खरंही आहे. तामिळनाडूचं गणित उलटं चालतं. आपल्याला भिजवणारा नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीवर आपटून रिकामा होतो, पलीकडे पोचेस्तोवर त्याच्यात फारसं काही उरत नाही. ऑक्टोबरात वारा फिरतो. मग तो ईशान्येकडून येताना बंगालच्या उपसागरावरची ओल उचलतो आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर ओततो. चेन्नईत वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्यातला निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो, आणि चक्रीवादळंही याच दिवसांत येतात. म्हणजे तुम्ही तिथल्या ऐन आषाढात गेलात. केरळातही दिवाळीच्या सुमाराला दुपारनंतर विजा कडाडून पाऊस येतो, पण सकाळ बहुधा मोकळी मिळते, त्यामुळे तिथली सहल इतकी वाया जात नाही.

आग्र्याचं धुकंही तसंच ठरलेलं. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत पंजाबपासून बिहारपर्यंतचं सगळं मैदान धुक्याखाली जातं. पाणी दिलेली गव्हाची शेतं, थंडगार रात्र, वाऱ्याचं नाव नाही, मग सकाळी दहा-अकरापर्यंत हाताला हात दिसत नाही. गाड्या रखडतात, विमानं रद्द होतात. ताजमहाल बघायचा तर फेब्रुवारी किंवा मार्चचा पहिला पंधरवडा. तेव्हा दिल्लीत राष्ट्रपती भवनाची बागही लोकांसाठी उघडलेली असते. (ताज शुक्रवारी बंद असतो, हे अजूनही दर आठवड्याला कुणाला तरी दारात गेल्यावर कळतं.) दिवाळीत दिल्ली नको, तेव्हा तिथल्या हवेनं घसा धरतो. आता तुम्हाला फेब्रुवारीत सुट्टी नाही हे मान्य. मग दिल्ली-आग्रा मुलं कॉलेजात जाईपर्यंत राहू द्या. ताजमहाल कुठं पळून जात नाही.

मनालीत मात्र चूक हवामानाची नव्हती. हवामान उत्तम होतं, म्हणूनच दिल्ली, पंजाब, गुजरात आणि निम्मा महाराष्ट्र तिथं होता.

चूक झाली ती क्रमात. तुम्ही आधी ठिकाण ठरवता आणि मग ते मिळेल त्या सुट्टीत बसवता. तुमच्या तारखा शाळेनं आणि बँकेनं आधीच ठरवून टाकल्यात, त्यात तुमचं काही चालत नाही. हातात आहे ते फक्त ठिकाण. तेव्हा सुट्टी समोर ठेवायची आणि विचारायचं, या आठवड्यात हा एवढा मोठा देश कुठं सगळ्यात चांगला असतो? आणि लगेच दुसरा प्रश्न, त्याच आठवड्यात आणखी कोण कोण तिथं निघालेलं असतं? फ्रिजवर चिकटवायची यादी मी देणार नाही, कारण दिवाळी दर वर्षी एकाच तारखेला येत नाही आणि यादीला ते कळत नाही.

तर दिवाळीच आधी घेऊ, कारण माझ्या मते तुमच्या तीन सुट्ट्यांतली ती सगळ्यात सोन्यासारखी आहे आणि तुम्ही ती सगळ्यात वाईट वापरलीत. पाऊस नुकताच गेलेला असतो, हवा धुतलेली असते, झाडं हिरवी असतात, थंडी सोसवेल एवढीच असते. पण ती कधी आहे ते बघा. २०२५ साली लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या २०-२१ तारखेला होतं, २०२६ साली ते ८ नोव्हेंबरला आहे. अडीच-तीन आठवड्यांचा हा फरक डोंगरात फार मोठा असतो. दिवाळी लवकर असेल तर उत्तराखंडातलं कुमाऊँ बघा. दिल्लीत गाडी बदलून काठगोदाम, तिथून वर मोटारीनं कौसानी, मुनस्यारी. मे महिन्यात हाच भाग चीडाच्या (म्हणजे पाइनच्या) वाळल्या पानांना लागलेल्या वणव्यांनी धुरकट झालेला असतो, कित्येक दिवस शिखरं दिसतच नाहीत. ऑक्टोबरात कौसानीहून सकाळी त्रिशूल, नंदादेवी, पंचचूली अशी अख्खी रांग समोर उभी राहते, मध्ये ढगाचा ठिपका नाही.

दिवाळी उशिरा असेल तर काश्मीर. लोक काश्मीरला ट्यूलिपसाठी मार्च-एप्रिलात जातात किंवा मे महिन्यात जातात. ऑक्टोबरची अखेर आणि नोव्हेंबरची सुरुवात कुणाच्या डोक्यातच येत नाही. तेव्हा चिनार पेटलेले असतात, पिवळा, नारिंगी, मग गडद तांबडा. आणि श्रीनगरजवळ पांपोरला केशराची शेतं फुललेली असतात. जांभळी, जमिनीलगतची फुलं, पानं नावालाच. सकाळी ऊन चढायच्या आत बायका-पोरं वाकून ती वेचतात आणि टोपल्या घरी नेतात. तिथं ओसरीवर बसून एकेका फुलातले तीन लाल तंतू चिमटीनं वेगळे करायचे. ग्रॅमभर केशराला दीडेकशे फुलं लागतात. तुमच्या सासूबाईंनी एकदा हे बघितलं की श्रीखंडात केशर टाकताना घरात कुणाला बोलू देणार नाहीत. रात्री मात्र चांगलीच थंडी पडते. खोलीत गरम करायची सोय आहे का ते आधी विचारून घ्या, आणि निघायच्या आठवड्यात तिकडची परिस्थिती काय आहे, तेही पाहा.

दिवाळीत अबू, उदयपूर, दमण, दीव टाळा. लाभपंचमीपर्यंत, म्हणजे दिवाळीनंतरच्या पंचमीपर्यंत, गुजरातेतली बाजारपेठ बंद असते आणि सगळा गुजरात याच गावांत उतरलेला असतो. खोली मिळाली तरी भाव ऐकून परत फिराल. ही गोष्ट हवामानाच्या कुठल्याच तक्त्यात नसते, पण प्रत्येक प्रांताची बाहेर पडायची आपली एक वेळ असते. बंगाली माणूस दुर्गापूजेला निघतो, तेव्हा दार्जिलिंग, सिक्कीम, पुरी भरतं. दिल्लीकर ऊन तापलं की हिमाचल-उत्तराखंडाकडे. आणि आपण मे महिन्यात सगळीकडे. दुसऱ्याची लाट ओसरली की तिथं आपण जायचं. राजस्थानच हवं असेल तर लाभपंचमी उलटल्यावर, सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात जा. मुलांचा दिवाळीचा अभ्यास गाडीत करून घ्या.

नाताळात तोंड दक्षिणेला किंवा पूर्वेला करा. मिस्टरांचा समुद्र तेव्हाच. गोवा म्हणाल तर २४ डिसेंबर ते २ जानेवारी भाव दुप्पट-तिप्पट असतात, मला त्यात काही मजा दिसत नाही. मालवण-तारकर्ली जास्त बरं, तेव्हा पाणी निवळशंख असतं आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या चालू असतात. (पावसाळ्यात त्या बंद. जून-जुलैत मासेमारीही बंद असते, ‘ऑफ सीझन’ म्हणून स्वस्तात कोकण गाठणाऱ्यांना ताज्या सुरमईऐवजी बर्फातली मिळते.) पण तुम्हाला मी वेगळंच सुचवीन. भुसावळहून पुरीला थेट गाड्या आहेत. एवढी सोय दारात असून खानदेशातली माणसं नाताळात पुरीला का जात नाहीत, मला कळत नाही. ओडिशात तेव्हा ऊन कोवळं असतं आणि वादळांचे दिवस सरलेले असतात. सासूबाईंना जगन्नाथ, मिस्टरांना समुद्र, मुलांना कोणार्क आणि चिलिका. चिलिका हे समुद्राला जोडलेलं खाऱ्या-गोड्या पाण्याचं भलंमोठं सरोवर आहे. हिवाळ्यात तिथं दूरदेशीचे पक्षी उतरतात. मंगलाजोडीला अरुंद होडी बांबूनं ढकलत नावाडी इतक्या जवळ नेतो की दुर्बीण गळ्यातच राहते. सातपाड्याकडून गेलात तर बोथट तोंडाचे डॉल्फिन दिसतात. दिसतात म्हणजे पाठ दिसते आणि जाते, टीव्हीवरच्यासारखी उडी मारतील म्हणून मुलांना आधीच भरीला घालू नका. पुरीचा समुद्र मात्र दांडगा आहे. किनाऱ्यावर पांढऱ्या टोकदार टोप्या घातलेले नुलिया असतात, कोळीच ते. त्यांचा हात धरल्याशिवाय मुलांना पाण्यात सोडू नका, मिस्टरांनाही नको.

केरळ नाताळात छानच, पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत शबरीमलाच्या यात्रेकरूंनी तिकडच्या गाड्या भरून जातात, तेव्हा परतीचं तिकीट आधी. कच्छचं पांढरं रणही तेव्हाच. दिवाळीत गेलात आणि त्या वर्षी पाऊस जोरदार झालेला असेल, तर मिठाऐवजी नुसता चिखल-पाणी बघून याल.

आता मे. भुसावळच्या माणसाला उन्हाची भीती घालण्यात अर्थ नाही, तुम्ही पंचेचाळीस अंशांत लग्नं लावता. पण ‘हिल स्टेशन’ या पाटीला भुलू नका, मीटर विचारा. साधारण हजार मीटर वर चढलं की पारा सहा अंशांनी उतरतो. चिखलदरा, पचमढी अकराशे मीटरच्या आसपास. म्हणजे भुसावळ चव्वेचाळीसवर असताना तिथं सदतीस-अडतीस. रात्र बरी जाईल, दुपारी पंखा लागेलच. खरा गारवा हवा तर दोन हजार मीटरच्या वर जायला हवं. शिमला, उटी, दार्जिलिंग सगळी तिथंच आहेत, आणि गर्दीही तिथंच. उटीला जायचं तर २०२४च्या मेपासून गाडीला ई-पास लागतो, न्यायालयाच्या आदेशानं. तो मिळतो ऑनलाइन, पण घाटाच्या पायथ्याशी पोचून मोबाइलवर काढत बसू नका. दार्जिलिंग-सिक्कीमला जायचं तर मे महिन्याचा पहिला पंधरवडा, पुढे तिकडे पाऊस धरतो आणि रस्ते ढासळायला लागतात.

माझं मत विचाराल तर मे महिन्यात मोठी सहल काढूच नका. दोन-तीन दिवस चिखलदऱ्याला जा, आमरस-पुरणपोळी घरी खा, आणि पैसे दिवाळीसाठी ठेवा. फारच जायचं असेल तर जूनचा पहिला पंधरवडा, शाळा सुरू व्हायच्या आत, विमानानं लेहला. पहिले दोन दिवस खोलीत नुसतं पडून राहायचं, हे ज्यांना जमत नाही त्यांनी जाऊ नये. साडेतीन हजार मीटर आहे ते. सासूबाईंना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका.

मुलीच्या बर्फाचं उत्तर थोडं अवघड आहे. नाताळात गुलमर्गला बर्फ असेलच असं छातीठोक सांगता येत नाही. २०२४च्या जानेवारीत महिना संपत आला तरी तिथली कुरणं उघडी होती. मे महिन्यात गुलमर्गच्या गोंडोलानं, म्हणजे तिथल्या रोपवेनं, दुसऱ्या टप्प्यावर, सुमारे ३,९०० मीटरवर गेलं की बर्फ बहुधा मिळतो. मळका असतो, पण सातवीतल्या मुलीला गोळे करून भावाला मारायला पुरतो. तिकिटं ऑनलाइन, लवकर संपतात.

तुम्ही ऑगस्टचं काही विचारलं नाहीत, तरी सांगते. पंधरा ऑगस्टला जोडून तीन-चार दिवस मिळाले तर मोटार काढा आणि मांडूला जा. इंदूरच्या अलीकडे, नर्मदेपलीकडे, तुम्हाला काही लांब नाही. उन्हाळ्यात मांडू म्हणजे रखरखीत दगड. पावसात जहाज महालाच्या दोन्ही बाजूंचे तलाव भरतात आणि त्याला जहाज का म्हणतात ते आपोआप कळतं. जहांगीर बादशहा १६१७ साली इथं मुक्कामाला होता आणि पावसातल्या मांडूवर इतका खूश झाला की आठवणींत तसं लिहून गेला. वाटेत पिंपासारख्या बुंध्याचे गोरखचिंचेचे वृक्ष लागतात, त्यांची दुधीसारखी मखमली फळं बायका रस्त्यावर मांडून बसतात. आतला गर आंबट. मुलं तोंड वाकडं करतील आणि परत मागतील. ढग खाली उतरले तर रूपमतीच्या मंडपातून नर्मदा दिसणार नाही, पण आवारात भाजलेलं कणीस मिळतं.

सासूबाईंचं केदारनाथ मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण ते तुमच्या तिन्ही सुट्ट्यांत बसत नाही आणि बसवूही नका. मे महिन्यात दारं नुकतीच उघडलेली असतात आणि रांगा मैलभर लांब. जुलै-ऑगस्टात दरडी. २०१३च्या जूनमध्ये तिथं काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. दिवाळीपर्यंत थांबलात तर भाऊबीजेला मंदिर सहा महिन्यांसाठी बंद होतं. मधली वेळ आहे ती सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पाऊस ओसरलेला, गर्दी कमी. घटस्थापना झाली की सासूबाई देव सोडून हलणार नाहीत, हे मला लिहून कळवायची गरज नाही. म्हणून पितृपक्ष. त्या पंधरवड्यात आपल्याकडे कुणी शुभकार्याला निघत नाही, पण बद्रीनाथला ब्रह्मकपालावर पितरांचं पिंडदान करतात, तेव्हा त्यांची हरकत येण्याचं कारण नाही. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे पितृपक्ष सप्टेंबरअखेर सुरू होऊन १० ऑक्टोबरला सर्वपित्री आहे. याहून चांगला योग जुळणं कठीण. मिस्टरांनी आठवडाभर रजा काढून आईला एकट्यानं न्यावं, तुम्ही मुलांच्या चाचण्या सांभाळा. मायलेक एकदा बरोबर जाऊन येऊ द्या. बद्रीनाथला गाडी जवळपर्यंत जाते. केदारनाथला गौरीकुंडापासून सोळाएक किलोमीटर चढ आहे, मंदिर ३,५८३ मीटरवर. सत्तरीत हेलिकॉप्टरच बरं, आणि त्याची तिकिटं फक्त आयआरसीटीसीच्या सरकारी संकेतस्थळावरून. व्हॉट्सॲपवर ‘शेवटच्या दोन सीट’ विकणाऱ्याला एक पैसा देऊ नका. यात्रेची नोंदणी वेगळी करावी लागते. वर मुक्काम टाळून त्याच दिवशी खाली उतरा, थंडी आणि विरळ हवा रात्री जास्त त्रास देते.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून चार महिन्यांऐवजी साठ दिवस आधी उघडतं. त्यामुळे दिवाळीची तिकिटं काढायचा दिवस गणपतीच्या आसपास येतो, कॅलेंडरवर आताच खूण करा. टूर कंपनीबरोबर जावं का, असंही विचारलंय. काश्मीरला आणि चारधामला जा, मांडू-पुरीला गरज नाही. मात्र पैसे भरण्याआधी त्यांच्या माणसाला एवढंच विचारा, की याच तारखांना गेल्या तीन वर्षांत तुमच्या गाड्या गेल्या होत्या का, आणि त्यातल्या एखाद्या प्रवाशाचा फोन नंबर मिळेल का. तो जर नुसतं ‘मॅडम, वेदर एकदम मस्त असतं’ म्हणाला, तर दुसरी कंपनी बघा.